बोट राहू द्या, आधी पॉलिसी दाखवा

"रविवारी नदीवर सहज फिरायला एक जुनी पॉवरबोट घ्यायचीय. रोख घेऊ की कर्जावर?" एका वाचकाचा प्रश्न एवढाच आहे. त्याच्या मागे मात्र दीड पानाचं पत्र आहे. प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत होईल, त्या दीड पानाचं होणार नाही.

पत्राचा गोषवारा असा. वय ४४, घरात कमावणारे हे एकटेच. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. रकमा छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून सगळे आकडे त्यांच्याच पगारात मांडतो. एक पगार म्हणजे महिन्याला हातात पडणारी रक्कम. (खरं तर प्रत्येकानेच असा हिशोब करून बघावा. किंमत पैशांत ऐकली की सोपी वाटते, राबण्याच्या महिन्यांत ऐकली की टोचते.) बोट १८ फुटी, फायबरची, ११ वर्षं जुनी. मागे ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, सोबत ट्रेलर. मागणी ६ पगार. घराचं कर्ज अजून ४० पगार बाकी, त्याचा हप्ता पगाराच्या ४० टक्के, म्हणजे साठीपर्यंत चालेल असा. बँकेत २ पगार शिल्लक. दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा उरतो आणि वर्षाअखेर दीड पगार बोनस मिळतो.

आणि मग हे वाक्य: "पैशांची तशी चिंता नाही. १२ वर्षांपूर्वी घेतलेली २० वर्षांची पॉलिसी आहे, तिच्यावर कर्ज काढतो. एजंट म्हणाले, आपलेच पैसे आपण वापरायचे, हप्तेही भरावे लागत नाहीत, शेवटी मॅच्युरिटीतून वळते होतात."

त्या 'तशी'पाशी मी थांबलो. पण आधी बोटीबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती तुम्ही स्वतःच लिहिली आहे आणि तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही.

तुम्ही कौतुकाने लिहिता, "अकरा वर्षांत इंजिन फक्त १४० तास चाललंय, नव्यासारखं आहे." १४० ला ११ ने भागा. वर्षाला तेरा तास होतात. एका फेरीचे तीन तास धरले तर वर्षातून चार, फार तर पाच फेऱ्या. ही बोट विकणाऱ्या गृहस्थांनीही ती घेताना दर रविवारचाच बेत केला असणार. वर्षाला तेरा तास फिरायचं ठरवून कोणी बोट घेत नाही. तुम्ही पत्रात ५२ रविवार धरलेत. पाऊस, पूर, मुलीची परीक्षा, कोणाचं तरी लग्न, ट्रेलरचा पंक्चर टायर, 'आज कंटाळा आलाय' हे सगळं वजा केलं तरी मी उदार मनाने तुम्हाला १५ फेऱ्या देतो. मीटर मला पाचच द्या म्हणतोय.

आणि कमी तास म्हणजे चांगलं इंजिन, असंही नाही. इंजिन नुसतं उभं राहिलं की पेट्रोल शिळं होऊन इंधनाच्या वाटा चिकटतात, पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी इम्पेलर कडक होतं, सील सुकतात. नियमित चाललेलं आणि वेळच्या वेळी सर्व्हिस झालेलं ४०० तासांचं इंजिन मी या १४० तासांच्या आधी उचलेन. अर्थात हा सगळा पुढचा विषय. आधी पैसे.

तुम्ही पॉलिसीच्या वार्षिक स्टेटमेंटचा फोटो जोडलाय, त्याबद्दल आभार. नव्वद टक्के वाचक नुसतं "एक चांगली पॉलिसी आहे" एवढंच लिहितात. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने "× २ + बोनस" असं लिहून त्याभोवती गोल केलाय. ते अक्षर एजंटचं असणार. कारण छापील मजकुरात, अगदी बारीक टाइपातही, दुपटीचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही.

छापील मजकूर काय म्हणतो? हप्ता वर्षाला १ पगार. विमा रक्कम १८ पगार. १२ वर्षांत जमलेला बोनस ९ पगार. आज पॉलिसी मोडली तर हातात येतील ११ पगार, ही मोडरकम. यातला 'बोनस' हा नोकरीतल्या बोनससारखा खिशात पडत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो विमा रकमेवर दर वर्षी नुसता तुमच्या नावावर लिहिला जातो, मिळतो एकदम शेवटी. आणि तुमच्या पॉलिसीत त्या बोनसवर पुन्हा बोनस नाही. दर वर्षी तोच पाऊण पगार. म्हणजे विसाव्या वर्षी १८ अधिक १५, एकूण ३३ पगार. तेही बोनस असाच जाहीर होत राहिला तर. त्याची हमी नाही.

२० भरले, ३३ मिळाले. एजंटच्या गोलातले ४० कुठे गेले, ते त्यांनाच विचारा. बरं, ४० मिळाले असते तरी काय? दर वर्षी एक याप्रमाणे वीस वर्षं भरून चाळीस, हा सव्वासहा टक्क्यांच्या आतलाच परतावा. 'दुप्पट' हा शब्द कानाला गोड, पण किती वर्षांत दुप्पट ते कोणी विचारत नाही. तुमच्या ३३ चा दर साडेचार टक्क्यांच्या जवळपास पडतो. यात नवल काही नाही. विमा आणि बचत एका पुडीत बांधली की आधी एजंटचं कमिशन, मग कंपनीचा खर्च, मग विम्याची किंमत, आणि उरलं तर बचत.

आता तुमचा बेत. पॉलिसीवर ६ पगारांचं कर्ज, व्याज ९ टक्के, हप्ता नाही, व्याज मुद्दलात साचत जाणार. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. ७२ भागिले ९, आठ वर्षं. तुमच्या पॉलिसीची नेमकी आठच वर्षं राहिली आहेत. तेव्हा मॅच्युरिटीच्या दिवशी ६ चे १२ झालेले असतील आणि ते ३३ मधून वजा होतील. हातात २१.

वीस वर्षांत २० भरायचे आणि २१ घ्यायचे. वर एक बोट, जी तोवर १९ वर्षांची झालेली असेल आणि नशीब चांगलं असेल तर २ पगारांना जाईल. एजंटने तुम्हाला दाखवलेली दुप्पट झाली खरी, फक्त कर्जाची झाली.

"आपलेच पैसे आपण वापरायचे" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा तयार केलं त्याची मला कधीतरी गाठ घ्यायचीय. आपलेच पैसे असते तर व्याज कशाला लागलं असतं? तुम्ही कंपनीकडून उसने घेताय आणि तुमचे पैसे तिच्याकडे गहाण ठेवताय. गहाणाला गहाण म्हणावं. शिवाय मधल्या काळात पॉलिसीचे एक-दोन हप्ते चुकले आणि व्याज साचत गेलं, तर कर्ज मोडरकमेच्या वर जाऊन पॉलिसीच बंद पडू शकते. कर्जाला हप्ता नाही म्हणजे आठवणही नाही, आणि हीच यातली गोम आहे.

इथे बरेच वाचक म्हणतील, मग एवढी रद्दी पॉलिसी मोडूनच टाका ना! थांबा. पॉलिसी भिकार आहे हे खरं, पण तिचा भिकारपणा बहुतेक भोगून झालाय. मागची १२ वर्षं विसरा आणि आजपासूनचा हिशोब करा. आज मोडली तर ११ मिळतील. चालू ठेवली तर हे ११ आणि पुढचे दर वर्षीचे १ मिळून आठ वर्षांनी ३३ होतील. हा परतावा साडेआठ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि फारशी जोखीम न घेता. मी तर चालूच ठेवीन. ज्यांची अशीच पॉलिसी दोन-तीन वर्षांपूर्वीची आहे त्यांचं गणित उलटं येऊ शकतं, त्यांनी यावरून निष्कर्ष काढू नये. आपली मोडरकम आणि उरलेले हप्ते घेऊन स्वतंत्र हिशोब करावा.

आता लक्षात येतंय का? बारा वर्षं पॉलिसीने जवळपास काही दिलं नाही. शेवटच्या आठ वर्षांत कुठे ती कमवायला लागणार, आणि नेमकी ती कमाई तुम्ही बोटीच्या नावाने आधीच उचलताय.

हे झालं पैशांचं. पण मी पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ बसलो तो यासाठी नाही. तुमच्या दीड पानात एक गोष्ट कुठेच नाही. तुम्ही उद्या नसलात तर घरात काय?

आज काही बरंवाईट झालं तर पॉलिसीचे १८ आणि बोनसचे ९ असे २७ पगार घरी येतील. बोटीचं कर्ज घेतलेलं असेल तर त्यातले ६ आधी कापले जातील. राहिले २१. घराचं कर्ज ४०. म्हणजे पत्नीच्या हातात शून्य उत्पन्न, दोन शिकणारी मुलं, १९ पगारांची तूट, आणि दारात एक बोट. तुमच्या मुलाला अजून चौदा-पंधरा वर्षं तुमची कमाई लागणार आहे आणि तुमचा विमा आहे दीड वर्षाच्या कमाईएवढा. बारा वर्षं वर्षाला एक अख्खा पगार हप्ता भरणाऱ्या माणसाची ही स्थिती आहे. याला फसवणूक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी तरी सल्ला म्हणणार नाही.

तुम्हाला हवा आहे साधा टर्म इन्शुरन्स. मुदतीत गेलात तर घरच्यांना पैसे, जगलात तर काहीही परत नाही. "काहीच परत मिळत नाही" म्हणून लोक नाक मुरडतात. वाहनाचा विमा काढून अपघात झाला नाही तर आपण हळहळतो का? रक्कम किती? दहा वर्षांची कमाई १२०, घरकर्ज ४०, मिळून १६०. त्यातून हाताशी असलेले २७ वजा केले तर १३० च्या घरात. मुदत साठीपर्यंत. हप्ता तुमच्या वयाला वर्षाला अर्धा पगार ते एक पगार, यात बसायला हवा. तीन-चार कंपन्यांकडून आकडे मागवा.

पत्रात जाता जाता तुम्ही लिहिलंय, "डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली आहे, म्हणून म्हटलं जरा मोकळ्या हवेत जावं." मोकळी हवा उत्तम. पण ती गोळी टर्म इन्शुरन्सच्या फॉर्मवर लिहा. हप्ता थोडा वाढेल, तपासण्या सांगतील, वेळ लागेल. एजंट म्हणेल, "छोटी गोष्ट आहे, लिहायची गरज नाही." त्याला कमिशन फॉर्म मंजूर झाल्यावर मिळतं, दावा नाकारला गेला तर कंपनीच्या दारात तुमची पत्नी उभी असेल, तो नाही. फॉर्म त्याला भरू देऊ नका. स्वतः भरा, भरलेल्या प्रतीची एक छायाप्रत घरात ठेवा, आणि वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते दोन्ही पॉलिसींत तपासा. बारा वर्षांपूर्वीचा कागद आहे. तेव्हा मुलाचा जन्मही झालेला नव्हता.

तुम्ही असंही लिहिलंय की पॉलिसी 'मुलाच्या कॉलेजसाठी' ठेवली आहे. आठ वर्षांनी तो १७ चा होईल, वेळ बरोबर साधली आहे. मग बोटीचे पैसे कोण देतंय? तो. आणि मुलगी चार वर्षांनी १८ ची होईल, तिच्या कॉलेजच्या नावाने पत्रात एक ओळही नाही. काही ठेवलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर मला आनंदच आहे.

आता बोट. "वर्षाला किमतीच्या दहा टक्के खर्च" हा जो ढोबळ नियम तुम्ही वाचलाय, तो जुन्या बोटीला लागू पडत नाही. बोटीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. इम्पेलर, गिअर ऑइल, प्लग, बॅटरी, ट्रेलरची बेअरिंग, विमा, नोंदणी, जागेचं भाडं हे सगळं बोटीच्या लांबीवर आणि इंजिनाच्या ताकदीवर ठरतं. तुम्ही ती कितीला घेतली याच्याशी मेकॅनिकला काही घेणंदेणं नसतं. नवी असती तर अशी बोट सहज दुप्पट-तिप्पट किमतीची, आणि खर्चही त्याच मापाचा. पेट्रोल धरून वर्षाला सव्वा पगार मी धरतो. ९० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण दाबलं तर तासाला तीस-पस्तीस लिटर पितं. मध्यम वेगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास.

सव्वा पगार हा खर्च, घसारा वर्षाला अर्धा, कर्जाचं व्याज अर्ध्याहून थोडं जास्त. झाले सव्वादोन. भागिले १५ फेऱ्या. दर रविवारी घाटावरून बोट पाण्यात सोडली की तुमची साडेचार दिवसांची कमाई पाण्यात. पाचच फेऱ्या झाल्या तर पेट्रोल थोडं वाचेल, पण प्रत्येक फेरी बारा-तेरा दिवसांची पडेल. आणि महिन्याच्या शिलकीतून तुमचे वर्षाला जमतात ते १.२ पगार. म्हणजे बोट फुकट मिळाली तरी ती तुमची सगळी नियमित बचत खाऊन ढेकरसुद्धा देणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

"मित्रांना भाड्याने देऊन खर्च काढेन" हे कृपया विसरा. भाडं घेतलं की ती खासगी बोट राहत नाही. खासगी वापराचा विमा बहुतेक वेळा तिथेच संपतो, परवान्याचे नियम बदलतात, आणि मित्राचा मेहुणा पाण्यात पडला तर जबाबदारी तुमची. ज्या शनिवार-रविवारी भाडं मिळेल त्याच शनिवार-रविवारी तुम्हालाही फिरायचं असतं, हे तर वेगळंच.

मग नदीवर जायचंच नाही का? जा की. पुढचं एक वर्ष भाड्याची बोट घ्या, सहा वेळा, घरच्यांना घेऊन. सहापैकी किती वेळा मुलं आनंदाने आली आणि किती वेळा मोबाइलमध्ये डोकं घालून बसली, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुलगी १४ वर्षांची आहे. आणखी दोन वर्षांत तिला आईवडिलांबरोबर बोटीत बसायचं असेलच, असं मी तरी गृहीत धरणार नाही. बोट चालवायला शिकायचं असेल तर याच वर्षात शिका. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे इंजिन दगा देऊन गेलं तर नदीच घराच्या दिशेने आणते. आणि पेट्रोलचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला हात न लावता राखीव. कुठल्याही जुन्या नावाड्याकडून या दोन गोष्टी पहिल्या दिवशी कळतात.

या वर्षीच्या दीड पगाराच्या बोनसमधून टर्म इन्शुरन्सचा हप्ता आणि भाड्याच्या फेऱ्या. महिन्याची शिल्लक सगळी बँकेत; घरात कमावणारं माणूस एकच असताना २ पगारांची गंगाजळी फार तोकडी आहे, ती निदान ६ वर न्या. याला तीन-एक वर्षं लागतील. त्यात मुलीच्या कॉलेजचे पैसे कुठून येणार हेही बसवावं लागेल, आणि ते बसवताना बोट आणखी पुढे ढकलावी लागली तर ढकला.

त्यानंतरही हौस तशीच असेल तर १८ फुटी फायबरच कशाला? शांत नदीवर सहज फिरायला १२-१४ फुटी सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट आणि १५-२० हॉर्सपॉवरचं इंजिन पुरतं. उथळ पाण्यात ती खरं तर जास्त बरी, आणि एका माणसाला ट्रेलरवर चढवता येते. तळाला लाकूड नसेल तर कुजायलाही काही नाही.

जुनी फायबरचीच घ्यायची झाली तर आगाऊ पैसे देण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या. त्याच्याबरोबर स्वतः उभे राहा. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, ती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायची. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत लाकूड ओलं आहे. इंजिनाचं खालचं टोक धरून वर-खाली रेटायचं. फळी हलली तर तिथूनच नमस्कार करून परतायचं. गिअर ऑइलचे चार थेंब बोटावर घ्यायचे. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. आणि गेल्या गेल्या पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवायचा. ते गरम असेल तर विक्रेत्याने तुम्ही यायच्या आधी एकदा चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते चटकन सुरू होत नसणार.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. रोख. आणि ती रोख आज तुमच्याकडे नाही.